जिप्सी घेताय? बोनेट नंतर उघडा, आधी खाली आडवे पडा

माझ्याकडं मारुतीची २००४ ची जिप्सी किंग आहे, पांढरी, कापडी हूडवाली, एमपीएफआय म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली. २०१५ च्या मे महिन्यात घेतली म्हणजे माझ्याकडं आली तेव्हाच अकरा वर्षांची घोडी होती, आणि आता माझ्याकडं तिचं अकरावं वर्ष चालू आहे. दर महिन्या-दोन महिन्याला कोणतरी फोन करतं, "एक जिप्सी मिळतीय, घेऊ का?" आणि मी प्रत्येकाला अर्धा अर्धा तास तेच पुराण ऐकवत बसतो, बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "अहो, रेकॉर्ड करून ठेवा एकदाच." तर हे घ्या, एकदाच.

आधी मी कसा फसलो ते सांगतो, कारण सगळा रिव्ह्यू त्यातच आहे. पुण्यात एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडं बघितली. बोनेट उघडलं, चावी मारली, अर्ध्या सेल्फला इंजिन चालू, शिलाई मशीनसारखा आवाज, धूर नाही, ऑइल गळती नाही. खाली वाकून बघितलं तर सगळं काळं कुळकुळीत, नवंकोरं अंडरबॉडी कोटिंग. मी मनात म्हणलं वा, मालकानं किती जपलीय! १ लाख ९० हजाराला सौदा झाला, मी घाटातून गाणी म्हणत साताऱ्याला आलो. जुलैमध्ये पायाखालचं मॅट सारखं ओलं लागायला लागलं, मला वाटलं हूडमधून गळतंय. मॅट उचललं तर रस्ता दिसला. खोटं नाही सांगत, क्लचच्या खाली आपला डांबरी रस्ता. मेस्त्रींनी हातातला स्क्रू ड्रायव्हर शेजारच्या पत्र्याला नुसता टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. मेस्त्री काही बोलले नाहीत, स्क्रू ड्रायव्हर पुसला आणि चहा सांगितला. तेव्हाच कळलं खर्च मोठा आहे.

झालं होतं असं की गंजलेल्या पत्र्यावर तसंच डांबरासारखं कोटिंग मारलेलं. गंज न घासता वरून कोटिंग मारलं की ओल आतच कोंडते, बाहेरून गाडी नवरीसारखी दिसते आणि आत पत्रा सडत राहतो. म्हणून माझा पहिला आणि शेवटचा सल्ला हाच, गाडी बघायला जाताना पोतं, टॉर्च आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. बोनेटकडं बघूसुद्धा नका. पोतं अंथरून खाली आडवे पडा आणि टोचत जा, पायाखालचा फ्लोअर, मागच्या मडगार्डच्या कमानी, बॉडी जिथं चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रबरांवर बसते ती टोकं, मागच्या पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, हँगर जिथं चासीला जोडलेत तो भाग, आणि समोरच्या काचेच्या फ्रेमचा खालचा पन्हाळीसारखा भाग. मालक टोचू देत नसेल तर चहा पिऊन परत या. आणि कोटिंग जितकं ताजं तितका संशय जास्त.

इंजिनाबद्दल मी दोनच ओळी लिहिणार कारण त्याला दोनच ओळी पुरतात. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८० बीएचपी, मारुतीच्याच एस्टीम कारमध्ये होतं त्याच घराण्यातलं इंजिन, त्यामुळं पार्ट गल्लीबोळात मिळतात आणि मेस्त्रीला डोळे झाकून येतं. घेतल्या घेतल्या टायमिंग बेल्ट, सगळे होज आणि कूलंट बदलून टाका, मागच्या मालकानं "आत्ताच बदललंय" म्हणलं तरी बदला. कुणी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल, आपल्याकडं गॅरेजवाल्यांना तो काढून फेकायची फार हौस, तर परत बसवून घ्या. बास. मला या इंजिनानं एकदाही रस्त्यात थांबवलं नाही. जुन्या ९७० सीसी कार्बोरेटरवाल्या जिप्स्या अजून फिरतात, १९८५ ला आल्या तशाच, मस्त दिसतात पण ४५ बीएचपीत कुंभार्ली घाट चढायचा म्हणजे मागं एसटीची रांग लागते. घ्यायची तर २००० नंतरची एमपीएफआयच घ्या.

आता ज्या दुखण्यावर माझे सगळ्यात जास्त पैसे गेले ते. माझी सासुरवाडी गुहागरला. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण असा आमचा ठरलेला रस्ता. २०१७ च्या गणपतीला चाललो होतो, पाटणच्या अलीकडं साठच्या स्पीडला पुढचं डावं चाक एका खड्ड्यात आदळलं आणि स्टेअरिंग जे थरथरायला लागलं, थरथरायला कसलं, अख्खं स्टेअरिंग हातातून डावीकडं उजवीकडं झटके मारतंय, पुढची दोन्ही चाकं वेड्यासारखी नाचतायत, मागं बाकड्यावर पोरं किंचाळतायत, आई "पांडुरंगा" करतीय. ब्रेक हळूहळू दाबत गाडी पार वीस-पंचवीसवर आणली तेव्हा कुठं थांबलं. उतरून बघितलं तर सगळं जागच्या जागी! ना टायर फुटला ना काही तुटलं.

पुढचे सहा महिने मी काय काय केलं ते ऐका. एका गॅरेजनं बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केली. परत झालं. दुसऱ्यानं टायर बदलायला सांगितले, चार टायर घेतले. परत झालं. तिसऱ्यानं स्टेअरिंग डॅम्पर बदलला, त्यानंतर महिनाभर बरं वाटलं, मी पेढे वाटायचाच बाकी होतो, आणि परत झालं. डॅम्परनं थरथर झाकली जाते, बरी होत नाही हे तेव्हा मला माहीत नव्हतं. शेवटी परत आमच्या जुन्या मेस्त्रींकडं गेलो, जे आता डोळ्यांमुळं फार काम करत नाहीत. त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, एक हात टायरच्या वर, एक खाली, आणि हलवलं. कट कट. मला म्हणाले, "आत बसा आणि ब्रेक दाबून धरा." दाबला. परत हलवलं. अजूनही कट कट. म्हणाले, "बेअरिंग चाकाचं असतं तर ब्रेक दाबल्यावर आवाज बंद झाला असता. हे किंगपिन आहे." किंगपिन म्हणजे पुढचं चाक वळताना ज्या खुंटीवर फिरतं ती.

एवढंच. पाच मिनिटं आणि शून्य रुपये. ज्याच्याकडं जुनी जिप्सी आहे त्यानं ही एक गोष्ट पाठ करून ठेवावी.

मग पुढचे नकल, म्हणजे पुढची चाकं ज्यावर बसून वळतात ते सांधे, खोलले. किंगपिनची बेअरिंग इतकी खाल्लेली की रोलरचे ठसे रेसवर उमटलेले, बोटाला खड्डे लागत होते. नवी बेअरिंग टाकली, आणि मग मेस्त्रींनी पोराला पाठवून शेजारच्या भंगारवाल्याकडनं लटकता स्प्रिंगचा काटा आणला, भंगारवाले रद्दी तोलतात तोच. चाक वळवणारा टायरॉड सोडवलेला होता, त्याच्या भोकात काट्याचा हूक अडकवून त्यांनी नकल हळू ओढला आणि काट्यावर किती वजन दाखवतोय ते बघितलं. हलकं वाटलं म्हणून पिनखालची एक शिम काढली, कागदाएवढी पातळ पत्र्याची चकती असते. परत ओढला. परत एक काढली. तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता बरोबर." शिम जास्त असल्या की बेअरिंग ढिलं राहतं आणि चाक नाचतं, कमी झाल्या की स्टेअरिंग जड होतं आणि वळल्यावर आपोआप सरळ येत नाही. पॉवर स्टेअरिंग नाहीच या गाडीला, त्यामुळं ते हाताला लगेच कळतं. त्या दिवसापासून आजपर्यंत गाडी ऐंशीला एका हातानं चालते. आणि सगळ्याचे मिळून पैसे झाले त्या चार टायरमधल्या एका टायरपेक्षा कमी.

त्याच वेळी नकलच्या गोळ्यावर काळं पातळ चिखलासारखं काहीतरी ओघळत होतं तेही सुटलं. ते नुसतं ग्रीस नसतं, आतलं ऑइल सील गेलं की डिफरन्सचं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल नकलमध्ये येतं, ग्रीसमध्ये कालवलं जातं आणि ते पातळ होऊन बाहेर येतं. गॅरेजवाले बाहेरून पुसून देतात. पुसून चालत नाही, सील बदलावं लागतं आणि डिफरन्सचं ऑइल कमी झालेलं असतं ते भरावं लागतं.

आता मजेचं. आमचं शेत मेढ्याच्या पुढं, रस्त्यापासून दीड किलोमीटर पाणंद आहे, आणि श्रावणात ती पाणंद म्हणजे नुसती रबडी. बुलेट जात नाही, पिकअप जात नाही, ट्रॅक्टरची चाकं एकदा सरी पाडून गेली की मग माणूसही नीट जात नाही. जिप्सी जाते. कारण काही जादू नाही, गाडी टनभरच वजनाची, टायर अरुंद, चासी वर उचललेली, आणि खाली लो गिअर. उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांवरच्या हबची चकती हातानं फिरवून लॉक करायची, चिखलात हात भरतात, भरू द्या, मग आत बसून छोटा दांडा फोर लो मध्ये, म्हणजे चारही चाकांना हळू पण जोरकस ओढ देणाऱ्या गिअरमध्ये, टाकायचा, दुसरा गिअर, आणि रेस देत बसायचं नाही. गाडी स्वतःच चालत जाते, म्हातारी माणसं डोंगर चढतात तशी, घाई नाही पण थांबतही नाही. गेल्या वर्षी एक खताची पिकअप रुतलेली, पट्टा बांधून ओढून काढली. ड्रायव्हर म्हणाला एवढीशी गाडी? मी काही बोललो नाही, पण दिवसभर मिशीत हसत होतो.

फक्त एक लक्षात ठेवा, ह्या फोर बाय फोरला मधला डिफरन्स नाही. पुढची आणि मागची चाकं घट्ट बांधली जातात. चिखलात चाक घसरून तो ताण सुटतो, डांबरीवर सुटत नाही. माझ्या मेहुण्यानं पाणंदीतून बाहेर आल्यावर हौसेनं फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ओढ पण नेहमीच्या स्पीडचा गिअर, तसाच ठेवून मेढ्यापर्यंत गाडी आणली, वळणावर टकाटक आवाज, स्टेअरिंग दगडासारखं, आणि दांडा काही केल्या परत येईना. तो जोर लावणार तेवढ्यात मी पोचलो. चार हात रिव्हर्स घेतली, दांडा लोण्यासारखा आला. जोर लावला असता तर ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याची, चेन... चेन कसली, यात गिअरच असतात, ते मोडले असते.

ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी घरी आल्यावर डिफरन्सचा प्लग सोडून बघायची सवय लावा. गरम हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदर म्हणजे हवा जायच्या भोकातून पाणी आत ओढते. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजायचं. मी ब्रीदरला पाईप जोडून तो वर इंजिनाच्या खणात नेऊन बांधलाय, शंभर-दीडशे रुपयांचं काम. आणि हो, कासच्या किंवा चाळकेवाडीच्या सड्यावर गाडी घालून फोटो काढणाऱ्यांनी मला फोन करू नये. तिथं फुलं पायाखाली येऊ नयेत म्हणून लोक जपून चालतात, कास तर २०१२ पासून जागतिक वारशात आहे.

मूर्खपणा मीही केलाय. २०१६ ला गुहागरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूवरनं चालवली, सगळे चालवत होते म्हणून. आता अशांवर गुन्हे दाखल होतात आणि झालेच पाहिजेत. दोन दिवस तशीच खाऱ्या पाण्यानं माखलेली उभी ठेवली, सासुरवाडीचा पाहुणचार चालू होता ना. दिवाळीपर्यंत मागचे ब्रेक ड्रम धरायला लागले, हँडब्रेकची केबल आतून गंजून आखडली आणि पाट्यांचे यू बोल्ट गॅसकटरनं कापून काढावे लागले. गाडीचा काही दोष नाही, माझाच. तेव्हापासून कोकणातून वर आलं की आधी वॉशिंग सेंटर, खालून, मग घर.

आरामाबद्दल काय बोलणार. चारी बाजूला पाटे आहेत, बैलगाडीपेक्षा बरी एवढंच. एकटा बसलात तर प्रत्येक स्पीडब्रेकरला डोकं हूडला भेटून येतं, पाच माणसं आणि सामान भरलं की जरा माणसात येते. मागं समोरासमोर बाकडी, पोरांना लहानपणी फार आवडायची, आता मोठी झाली तर त्यांचे गुडघे एकमेकांत अडकतात. एसी नाही. ऐंशीच्या वर हूड फडफडतं आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आमची अर्धी भांडणं त्यामुळं झालीच नाहीत. पाट्यांच्या शॅकलचे बुश दर दोन-तीन वर्षांनी बदला आणि दर महिन्याला चाकांकडं ताकद नेणाऱ्या प्रोपेलर दांड्याच्या क्रॉसमध्ये ग्रीस गन मारा, तेवढ्यानंही बराच खडखडाट कमी होतो. लोक जाड पाटे टाकून गाडी उंच करतात, फोटोत भारी दिसते पण चालवायला आणखी टणक होते. माझं ऐका, आहे तशी ठेवा.

पेट्रोल नऊ ते दहाचं ॲव्हरेज, फोर लो मध्ये विचारू नका. टाकी ४० लिटरची, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास गेलं की पंप शोधायचा. हल्ली पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, मिळतं म्हणून मी टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पेट्रोल होज नवीन टाकले, वीस वर्षांचं रबर तसंही कडक झालं होतं, वाकवलं की भेगा दिसायच्या. पेट्रोलचा वास येतोय पण गळती दिसत नाही अशी तक्रार असेल तर आधी तिथं बघा.

कागदपत्रांचं काम दिसतं तेवढं अवघड नाही पण वेळ खातं. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत गाडी दाखवून रजिस्ट्रेशन नूतनीकरण करायचं, ते ५ वर्षं चालतं, सोबत पर्यावरण कर. २०१९ ला मी केलं तेव्हा फी ६०० रुपये होती, २०२४ ला परत केलं तेव्हा ५,००० होती, आणि ऑगस्ट २०२५ ला २० वर्षांच्या वरच्या गाडीला तीच १०,००० झाली. घेताना आरसीवर मुदत कधी संपते ते बघा आणि भावात तेवढे कापा. चासी नंबर स्वतः पेन्सिल घासून कागदावर उतरवून घ्या, गंजात एखादा आकडा गेला असेल तर तपासणीच्या वेळी डोक्याला ताप. लष्कराच्या लिलावातली घेतली असेल तर रंग बदलावाच लागेल, ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाडीला चालतो, तसा नियमच आहे. आणि ताडोबा-बिडोबाकडची सफारीत चाललेली कुणी दाखवली तर तीन तीनदा टोचून बघा, त्या गाड्यांनी जन्मभर धूळ आणि खड्डेच खाल्लेले असतात.

मी एक वही ठेवलीय, त्यात बघून सांगतो. दहा वर्षांत पेट्रोल आणि इन्शुरन्स सोडून साधारण ३ लाख ४० हजार घातले, म्हणजे गाडीच्या किमतीच्या पावणेदोनपट. त्यातले जवळजवळ निम्मे पत्रा, वेल्डिंग आणि रंग. इंजिनावर २५ हजारसुद्धा नाहीत. बाकी सगळं सस्पेन्शन, स्टेअरिंग, ब्रेक आणि माझं शिक्षण. बायकोनं ही वही बघितलेली नाही, हे वाचलं तर आता कळेल.

"मग त्यापेक्षा थार घे की, जिम्नी घे की" असं म्हणणारे भेटतात. २०२३ ला जिम्नी आली तेव्हा चालवून बघितली. एसी, पॉवर स्टेअरिंग, एअरबॅग, फोर बाय फोरचा दांडा तसाच, आणि बसायलाही छान. पैसे असतील आणि रोज ऑफिसला जायचं असेल तर सरळ तीच घ्या, खरंच, भावनेत वाहू नका. जिप्सीत एअरबॅग नाहीत, हायवेवर रात्री समोरून ट्रक आला की आपल्या आणि त्याच्या मध्ये किती पत्रा आहे ते आपल्याला माहीत असतं. माझ्याकडं रोजची गाडी दुसरी आहे म्हणून हे परवडतं. एकच गाडी ठेवणार असाल तर ही नको. घरापासून दहा किलोमीटरच्या आत जिप्सी कळणारा मेस्त्री नसेल तरी नको. स्वतःचे हात काळे करायची हौस नसेल तर मुळीच नको.

उरलेल्यांनी एक पुठ्ठा घ्या. फ्रिजच्या खोक्याचा मोठा, आणि रात्री गाडी उभी केली की खाली सरकवून ठेवा. सकाळी चहा घेत तो वाचायचा. मधोमध काळा ठिपका म्हणजे इंजिन ऑइल. सोनेरी आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे गिअर ऑइल, मग तो ठिपका पुढच्या चाकापाशी आहे का मधे ट्रान्सफर केसखाली आहे ते बघायचं. हिरवा म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूनं पातळ पिवळट काही ओघळलं असेल तर ब्रेक ऑइल, गाडी हलवायचीच नाही. एकही ठिपका नसेल तर खूश होऊ नका, आधी ऑइल शिल्लक आहे का ते बघा.

सध्याचं म्हणाल तर यांत्रिक बाजूनं गाडी एकदम फिट आहे, फक्त हूडची मागची शिवण उसवलीय आणि चेन तुटलीय. कुशनवाल्याकडं दोनदा जाऊन आलो, तो म्हणतो साहेब आत्ता लग्नसराईचं काम आहे, आखाड संपला की या, निवांत शिवून देतो. आखाड संपला की!

परवा रोहिणीतच पहिला पाऊस येऊन गेला. मागच्या बाकड्याखाली बादली ठेवलीय.